एमिलचा नारिंगी दांडा

एमिल हूडाकला ओरडायची बंदी होती, आणि ओरडण्यासारखं तर दर शुक्रवारी काही ना काही घडायचंच. कार्व्हर्स फेरीसारख्या नदीकाठच्या गावात शाळेच्या फुटबॉल टीमच्या नावानं शंख करणं हा प्रत्येकाचा जन्मसिद्ध हक्क. सगळं गाव घसा फोडून ओरडे, आणि एमिल मैदानाच्या कडेला नारिंगी दांडा धरून मुका उभा. दहा यार्डांची साखळी, तिच्या दोन टोकांना दोन दांडे. एक एमिलकडे, दुसरा काचकारखान्यातला त्याचा जुना सोबती लॉइड बाउमन याच्याकडे. हा अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात धरून पळायचं नाहीतर पुढे फेकायचा; तो दहा यार्ड पुढे सरकला की नाही, ते या साखळीनं मोजायचं. मोजणाऱ्यानं कुणाची बाजू घ्यायची नाही, तोंडातून ब्र काढायचा नाही, असा पंचांचा सक्त नियम.

आता सांगा, टीम हरली की ज्याला दोन दिवस अन्न गोड लागत नाही, त्या माणसानं हे काम हौसेनं मागून घ्यावं? पण खेळाच्या इतकं जवळ दुसरं कोण उभं राहू देणार! म्हणून एमिलनं तारुण्यात तो दांडा हाती घेतला, तो केस पिकले तरी सोडला नाही.

आणि त्याच्या वाट्याचं ओरडायची व्हर्ना, त्याची बायको.

गुरुवारी व्हर्ना कोबी आणि नूडल्स लोण्यात परतायची आणि एमिल ताटावर बसून कोचचा उद्धार करायचा. "नुसता चेंडू पोटाशी धरून माणसांच्या भिंतीवर डोकी आपटायची! ह्याला काय खेळ म्हणतात? हवेत फेकायला पैसे पडतात का?"

"तू जेव आधी. उद्या सांगते मी त्याला," व्हर्ना म्हणायची.

आणि खरोखर सांगायची. तिचा आवाज म्हणजे कारखान्याचा भोंगा. "अरे फेक की मेल्या!" ही एकच आरोळी, पण ती नदीपलीकडे जायची. खेळणारी पोरंसुद्धा पाळण्यात असल्यापासून ती ऐकत आलेली.

व्हर्नाचं एक मात्र विचित्र होतं. गावची माणसं बसत मैदानाच्या एका बाजूला, पाहुण्या टीमची दुसऱ्या बाजूला. साखळीवाले पाहुण्यांच्या बाजूला उभे राहत. आणि व्हर्ना बसे ती त्याच बाजूला, शत्रूच्या गोटात, अगदी खालच्या बाकावर.

"तिकडे कशाला तडमडतेस?" एमिलनं एकदा विचारलं होतं. "तिथून दिसतं तरी काय?"

"मला बघायचं ते दिसतं. आणि इथून आवाज थेट तुझ्या कोचच्या थोबाडावर जातो. तू आपला दांडा जरा उंच धरत जा. उंच धरलास की शोभून दिसतोस."

एमिल खूश! तेव्हापासून तो दांडा जमिनीला टेकवायचा नाही, छातीशी उचलून धरायचा. लॉइड चिडवायचा, "काय रे, मिरवणूक निघालीय का तुझी?" एमिलचे खांदे भरून यायचे, पण दांडा खाली यायचा नाही. बायकोनं शोभतोस म्हटल्यावर कोण खाली घेणार?

मग एका एप्रिलमध्ये व्हर्ना गेली.

त्या वर्षीची टीम तर अशी की देवानं शत्रूलाही देऊ नये. चेंडू फेकणारा कोडी नेस्बिट. फेकला की एकदा बँडवाल्यांच्या ढोलावर, एकदा कुंपणापलीकडे. कोचनं घाबरून फेकणंच बंद केलं. पुन्हा भिंत, पुन्हा डोकी. एमिल दांडा धरून आतल्या आत उकळत राही. गुरुवारी घरी डबाबंद सूप गरम करायचा आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला काय सांगणार, म्हणून गप्प गिळायचा. इतकी वर्षं पोटातलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडायचं, हे त्याला आता कळत होतं.

ऑक्टोबरात एका सामन्यात त्याच्या तोंडून नुसतं "अरेरे" निघालं, तेवढ्यावर पंचांनी बजावलं, "हूडाक, पुन्हा असं झालं तर दांडा द्यावा लागेल."

"सांभाळ बाबा," लॉइड म्हणाला.

"सांभाळतो. हा गेला तर मला शुक्रवारी घराबाहेर पडायला तरी काय कारण आहे?" एमिल म्हणाला. त्यात थट्टा नव्हती.

मग आला डंकन्स बेंडशी सामना. घरच्या मैदानावरचा शेवटचा. डंकन्स बेंडला हरवलं की गाव वर्षभराचे सगळे पराभव माफ करतं. खेळ अर्ध्यावर आलेला, टीम थोडीशीच मागे. पलीकडे आपला एक पोरगा साफ मोकळा, हात हलवून हलवून थकला, आणि कोडी चेंडू पोटाशी धरून भिंतीकडे निघाला.

"अरे फेक की मेल्या!"

एमिलला आधी वाटलं, दुसरंच कुणी ओरडलं. मग घसा दुखला तेव्हा कळलं.

तीच बाजू, तेच शब्द. पलीकडे कोच गर्रकन वळून बघायला लागला. कोडी बिचारा दचकला आणि त्यानं फेकला. फेकला तो थेट डंकन्स बेंडच्या धटिंगणाच्या हातात. तो सुसाट पळाला.

पंच चालत आले. "हूडाक..."

"माहीत आहे," म्हणून एमिलनं दांडा पुढे केला. तो लॉइडनं घेतला. लॉइडचा दांडा शाळेच्या एका मास्तरांकडे गेला. लॉइडनं एमिलकडे बघायचं टाळलं.

मैदानाला वळसा घालून गाववाल्यांत जायचं तर सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागल्या असत्या. ते एमिलला नको होतं. पाठीमागेच खालचा बाक रिकामा होता, व्हर्नाचा. तो मटकन बसला.

बसला आणि चाटच पडला. समोर डंकन्स बेंडची राखीव पोरं त्याच्याकडे पाठ करून उभी, एकमेकांना खेटून. हेल्मेटं, रुंद खांदे, घामट पाठी. मैदान नाही, खेळाडू नाहीत, काही नाही.

"इथून काय कपाळ दिसतं?" तो पुटपुटला.

तेवढ्यात हेल्मेटांच्या वर काहीतरी उडालं. चेंडू! वर चढला, क्षणभर दिव्यांत चमकला आणि पाठींमागे बुडाला. फेकलेला होता म्हणून दिसला. पोटाशी धरून पळाले असते तर काहीच दिसलं नसतं. म्हणून ही बाई इतकी वर्षं फेक, फेक म्हणून कंठशोष करत होती होय! एमिलला हसू फुटलं.

पण मग बाकीचा वेळ ती काय बघत होती? फेकाफेक तर कोचनं कधी धड करू दिली नव्हती. पावसात, थंडीत, पाठी बघायला येत होती?

त्यानं लॉइडला शोधलं. कुठे दिसेना. दांडाही दिसेना. लॉइड शहाणा माणूस, त्यानं दांडा जमिनीला टेकवला होता.

उंच धरलास की शोभून दिसतोस.

 या पाठींच्या वरून तो कुठे उभा आहे ते दिसावं म्हणून तिला दांडा उंच हवा होता, ते त्याला आज कळलं, आणि सांगायला ती नव्हती. तो उठून उभा राहिला. आता बंदी कसली!

"लॉइड! दांडा उंच धर की मेल्या!"

आवाज मधेच चिरकला. आजूबाजूची डंकन्स बेंडवाली मंडळी हसली. पाठींपलीकडून लॉइडनं ब्र काढला नाही, नियमच होता तसा. पण हेल्मेटांच्या वर नारिंगी टोक हळूच आलं आणि तिथंच थांबलं.

पुढच्याच डावाला गावाकडच्या बाजूनं प्रचंड आरडाओरडा उठला. कोडीनं बहुतेक फेकला असावा. एमिलचं तिकडे लक्ष नव्हतं.