अण्णा डॉक्टरांचा उजवा कौल

अण्णा डॉक्टर गेल्याचा फोन आला तेव्हा बाबा पेज जेवत होते. मी सांगितलं. घास तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "तेका बघूक कोण होतो?" मी म्हटलं, मुलगी होती, मोठं हॉस्पिटल होतं. "तसा नाय रे..." एवढंच म्हणून ते उठले. याला आता महिना होऊन गेला.

आमच्या मिठबाव गावात अण्णांचा दवाखाना होता आणि बाबांना, म्हणजे गावाच्या तात्यांना, साखरेचा आजार. दोघांचं कधी पटलं नाही. आठेक वर्षांपूर्वी बाबांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला. अण्णांनी बघितलं आणि सरळ सांगितलं, अंगठा काढावा लागेल, नाहीतर पाय जाईल. बाबांचे थोरले भाऊ असेच बोटाच्या ऑपरेशनला गेले होते, ते परत आलेच नाहीत. त्यामुळे बाबांनी फर्मान काढलं, "देवाक इचारल्याशिवाय सुरी लावूची नाय."

आमच्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. अण्णा दवाखाना बंद करून बाबांबरोबर देवळात आले. मी भडकलोच. "एवढे शिकलेले तुम्ही, कौल कसले लावता?" तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तात्या घाबरलेलो आसा रे. तेच्या वांगडा, सोबतीक, कोणीतरी जावक व्हया."

कळी पडली डावीकडची. बाबा लॉटरी लागल्यासारखे हसले. अण्णा जागचे हलले नाहीत. गुरवाला म्हणाले, "आता माझो एक प्रश्न घाल." गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, हो डाक्टर रोज तात्याच्या घराक जावन पाय धुवक बघता. तुझी परवानगी आसा काय?" जमलेली मंडळी सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणाली आणि उजवी कळी टपकन खाली आली. देवाचीच आज्ञा, बाबा बोलणार काय!

दुसऱ्या दिवसापासून अण्णांची स्कूटर दारात. बाबांचा पाय ते आपल्या मांडीवर घेत, पांढऱ्या पॅन्टवर. जखम धूत, वास घेत, आणि बोलत ते फक्त पायाशी. "काय रे, तुझ्या मालकान काल काय खाल्ल्यान?" बाबा भिंतीकडे बघत बसत. मग अण्णा स्वयंपाकघरात शिरून टोपांवरची झाकणं उचलत. एकदा त्यांनी उशीखाली हात घातला आणि जत्रेतलं गुळाचं खाजं काढलं. बाबांच्या डोळ्यांदेखत बसून सगळं खाल्लं, वर पाणी मागितलं. हे दोनदा झालं. तिसऱ्यांदा बाबा ओरडले, "बोट काप माझा एकदाचा, पण उशीखाली हात घालू नको!"

अण्णा हसले नाहीत. त्याच दुपारी गाडी बोलावली. ऑपरेशन करणारे सर्जन वेगळे होते, पण बाबांनी अण्णांचा हात सोडला नाही, म्हणून अण्णाही आत गेले. ते उशाशी उभं राहून आंब्याच्या मोहोरावर बोलत होते आणि सर्जनने त्यांना दोनदा गप्प बसवलं, असं नर्स बाहेर येऊन सांगत होती. अंगठा गेला, पाय वाचला. वैद्यकातली करुणा वगैरे मोठे शब्द मला कळत नाहीत... मला ती खाज्याचे तुकडे सांडलेली पांढरी पॅन्ट आठवते.

पुढे अण्णांनी बाबांना बजावलं होतं, रोज संध्याकाळी आरशात तळवा बघायचा. बाबांनी एकदाही ऐकलं नाही. बघायला डॉक्टर आहे की, म्हणायचे. अण्णांच्या बाराव्यानंतर मात्र त्यांनी माझा दाढीचा आरसा मागून घेतला. तिन्हीसांजेला तो पडवीत जमिनीवर ठेवतात, वर पाय धरतात, निरखून बघतात आणि मोठ्याने सांगतात, "बरो आसा."

मी विचारलं, "कोणाला सांगता?"

"तेका. नाय सांगलंय तर येतलो पुन्यांदा स्कूटर घेवन."

काल त्यांनी तळवा बघितला, आरसा पुसला आणि काहीच सांगितलं नाही. अंधार पडेपर्यंत फाटकाकडे बघत बसून राहिले.