मक सोमच्या चपला

कुआलालंपूरच्या त्या नव्या टॉवरला आम्ही सगळे मोठं घर म्हणतो. छप्पर गावाकडच्या घरासारखं उतरतं, विसाव्या मजल्यावर लाकडी ओसरी, आणि खाली पायऱ्यांपाशी पाण्याचा रांजण, वर करवंटीची पळी. एवढं सगळं मांडल्यावर मक सोमनं, आमच्या सोममावशीनं, दुसरं काय करायचं? कुठलीही मलय बाई करील तेच केलं. चपला काढल्या, पायांवर पाणी ओतलं आणि आत शिरली.

दारावरचा रुस्ली आडवा आला. "मक, अनवाणी कुठं निघालात?"

"ओसरीवर. खाऊच्या गाळ्यासाठी बोलावलंय."

"अहो, तो रांजण शोभेचा आहे."

"पाणी खरं आहे ना? मग सर बाजूला."

सरला बिचारा. मक सोमपुढं भलेभले सरतात. नवरा गेल्यावर टॉवरमागच्या गल्लीत ओंदे-ओंदे, म्हणजे आत ताडगूळ भरून उकळत्या पाण्यात शिजवलेले पिठाचे गोळे, विकून तिनं लेकीला वाढवलं, उजवलं. आता गल्लीच उठणार होती. गाळा मिळाला तर ठीक, नाहीतर जावयाच्या दारात बसायचं. ते तिला मरणाहून जड होतं.

वर टॉवरची व्यवस्थापक सुराया टोकदार बुटांत बसली होती. तिची नजर आधी पायांवरच गेली. "मक, इथं विकणाऱ्यांनी बूट घालायचे असा नियम आहे."

"चुलीपाशी घालीन. उकळतं पाणी उडतं, कळतं मला. पण ओसरीवर नाही घालणार. आईनं बदडलं असतं." मग तळव्यानं फळी चोळत म्हणाली, "लाकूड मात्र छान गार आहे हो. तुम्ही कधी पाय टेकवून बघितलात?"

"नाही," सुराया म्हणाली. टेबलाखाली एक बूट हळूच निघाला, मग दुसरा. तिनं दोन्ही पाय फळीवर टेकवले. "पेराकला आमच्या घरी अशीच ओसरी होती. विकलं ते घर."

मक सोमनं डबा पुढं सरकवला. सुरायानं गोळा तोंडात टाकला, गूळ हनुवटीवर ओघळला. तो पुसत ती म्हणाली, "सोमवारपासून या. बूट फक्त चुलीपाशी."

खाली येते तर चपला गायब. सफाईवाल्यानं कचरा समजून उचलल्या होत्या.

"गाळाही गेला, चपलाही गेल्या?" रुस्लीनं हसू दाबत विचारलं.

"गाळा मिळाला. चपलांचं तू बघ."

तापल्या रस्त्यावरून ती अनवाणीच घरी गेली, तीही तोऱ्यात.

सोमवारी आली, तेव्हा रांजणाशेजारी टोकदार बुटांचा जोड नीट ठेवलेला होता. मक सोमनं आपल्या नव्या चपला त्याला लागूनच काढल्या आणि पायांवर पाणी ओतलं.