वाठोरे बाईंचा सूड

वाठोरे बाई इंग्रजी शिकवायच्या ते सूड म्हणून.

हे माझं म्हणणं नाही. त्या स्वतः सांगायच्या, चारचौघांत.

एकदा तालुक्याला शिक्षकांचं ट्रेनिंग होतं. बाहेरून आलेल्या मॅडमनी एकेकाला उभं करून विचारलं, "गरिबांच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यामागे तुमची प्रेरणा काय?"

कुणी समाजसेवा म्हणालं. कुणी देशाचं भविष्य.

बाई उठल्या, "सूड" म्हणाल्या आणि बसल्या.

मॅडम हसल्या. बाई हसल्या नाहीत.

काल बाई गेल्या. आता सगळं सांगायला हरकत नाही.

बी.एड. झाल्यावर त्या एका खाजगी संस्थेत इंटरव्ह्यूला गेल्या होत्या. इंग्रजीची जागा होती. डेमो लेसन चालू असताना अध्यक्ष साहेबांनी हात वर केला.

"बस झालं, बाई. इंग्रजी तुमच्या लोकांचं काम न्हाई. मराठी-बिराठी बघा कुठं."

कमिटी हसली. ती हसली म्हणून वर्गातली पोरंही हसली.

बाहेर व्हरांड्यात बाईंचे वडील बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. त्यांनी सगळं ऐकलं.

परतीच्या एसटीत ते एवढंच बोलले, "तू बराबर शिकवून राहिली होतीस."

मग बाईंना आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. सिद्धेश्वर धरणाच्या काठचं गाव. वर्गात निम्मी लेकरं मासे धरणाऱ्यांची, निम्मी रोजंदारीवाल्यांची. मी दुसऱ्या निम्म्यातला.

बाईंनी आम्हाला कविता पाठ करायला लावल्या नाहीत. भांडायला लावलं.

शनिवारी सकाळची शाळा. दोघांना समोरासमोर उभं करायच्या आणि म्हणायच्या, "हापशावर मराठीत लई तोंड चालतं ना? आता इंग्रजीत चालवा."

माझ्यासमोर भोयाचा दत्ता होता. मी म्हणालो, "ही पुश्ड माय हंडा."

"मग? रडत घरी गेलास का? पुढं बोल की!"

"बाई, पुढचं येत न्हाई."

"तोडकं बोल, मोडकं बोल. पण मागं सरकलास तर बघ!"

दत्ता तेवढ्यात ओरडला, "युवर हंडा इज लीक! यू कम टुमारो!"

बाई इतक्या हसल्या की खडू हातातून पडला.

आज मी पेपरात डेस्कवर काम करतो. मोठमोठ्यांचे फोन येतात, दमात घेतात. मी मागं सरकत नाही. ते या हापशावरच्या भांडणातून आलंय.

बाईंनी शाळेत एक नियमही घातला होता. सव्वीस जानेवारी असो की दुसरा कुठला कार्यक्रम, शाळेत जो पाहुणा भाषण करेल, त्याला लेकरं इंग्रजीत प्रश्न विचारणार. उत्तर मराठीत चालेल, पण उत्तर द्यायचंच.

प्रश्न लेकरांचा. बाई कधीच सांगून ठेवत नसत.

एका वर्षी मोठे अधिकारी स्वच्छतेवर बोलले. चौथीतली पोरगी उठली. "सर, टॉयलेट इज लॉक्ड. व्हाय?"

अधिकाऱ्यांनी हेडसरांकडे बघितलं. हेडसरांनी झेंड्याकडे.

त्याच दुपारी कुलूप निघालं.

अध्यक्ष साहेबांना दरवर्षी सव्वीस जानेवारीचं निमंत्रण जायचं. बाई स्वतः नेऊन द्यायच्या. साहेबांनी तोवर इंग्लिश मीडियम काढलं होतं, गाड्या फिरत होत्या, तालुकाभर सत्कार होत होते. पण आमच्या शाळेत ते कधी आले नाहीत.

मी एकदा चिडून म्हणालो, "बाई, सोडा की आता. काहून बोलावता त्या माणसाला?"

"मला त्याची माफी नको रे. त्याला माझ्या लेकरांसमोर उभं राहिलेलं बघायचंय. एकदाच."

रिटायर झाल्या तरी त्या दर शनिवारी शाळेत यायच्या. दर जानेवारीला वाट बघायच्या.

ते बघायचं राहिलं.

आज सकाळी औंढ्याच्या चौकात फ्लेक्स लागलाय. बाईंचा फोटो पासपोर्टएवढा. साहेबांचा गुडघ्यापर्यंत, हात जोडलेला. खाली लिहिलंय, "आमच्या मार्गदर्शनाखाली इंग्रजीची गंगा खेड्यात नेणाऱ्या."

आमच्या मार्गदर्शनाखाली!

रविवारी शाळेच्या मैदानात बाईंच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम आहे. साहेबांच्या पीएचा मला फोन आला. "साहेब दोन शब्द बोलणार हैत. बातमी चांगली लावा."

बाईंचे भाऊ भडकले. म्हणाले, "त्याला गावात पाय ठेवू देणार न्हाई."

मी त्यांना म्हणालो, "काका, अडवू नका. स्टेजवर पुढची खुर्ची द्या. हार घाला. माईकही द्या."

काका ओट्यावर टेकले. मग म्हणाले, "नियम चालू हाये न्हवं अजून?"

"व्हय, काका."

मग त्यांनी स्वतःच पीएला फोन लावला. "या म्हणावं साहेबांना. जरूर या."

संध्याकाळी शाळेकडे गेलो. सहावीतली रेश्मा, दत्ताची पोरगी, बाईंच्या फोटोसाठी झेंडूचा हार ओवत होती. मी काही शिकवलं नाही, सुचवलंही नाही. फक्त रविवारी कोण येणार ते सांगितलं.

तिनं सुई थांबवली. "ते भाषण करणार?"

"हो."

"मग मी विचारणार."

"काय विचारशील?"

दोऱ्याला गाठ मारून ती म्हणाली, "सर, शी कॉल्ड यू एव्हरी इयर. व्हाय यू कम नाऊ?"

अध्यक्ष साहेब, उत्तर मराठीत दिलं तरी चालेल.

वाठोरे बाई, तो माणूस रविवारी तुमच्या लेकरांसमोर उभा राहतोय.

आता शांत झोपा. जय भीम.