विमल बेतायची, मी रंगवायचे

सुरेशचा फोन आला तेव्हा मी पुण्याहून परतत होते, गाडी सुप्याच्या जवळपास होती. "ताई, अक्का गेली," एवढंच तो म्हणाला. सुरेश म्हणजे विमलचा धाकटा भाऊ. मी त्या दिवशी पुण्याला एक कोट पोचवायला गेले होते. त्याच कोटावरून विमलचं आणि माझं बिनसलं होतं. ती गेली त्याला आता सात आठवडे झाले. भेटायला येणारे तिच्याबद्दल चांगलंच बोलतात, मीही मान हलवते. कोटाचं मात्र अजून कुणाला सांगितलेलं नाही.

विमलचे वडील नगरशेजारच्या भिंगारला लष्करी अधिकाऱ्यांचे गणवेश शिवायचे. त्यांच्या मागे दुकान तिनं चालवलं. मी नगरच्या कोर्टातल्या कारकुनाची मुलगी. पुण्यात डिझाईन शिकून आले होते आणि अकोले तालुक्याच्या डोंगरातला हिरडा आणून घराच्या गच्चीवर कापड रंगवत होते. त्यातलं एक कापड शिवायला तिच्याकडे नेलं. तिनं ते चिमटीत धरून चोळलं, नाकाशी नेलं. "रंग लई गुणी हाय," ती म्हणाली, "पण आज न्हाई कापायची. चार दिवस टांगून ठेवते. त्याच्या वजनानं त्याला उतरू द्या, मग बघू." चार दिवसांनी मी गेले ती अठरा वर्षं तिथेच राहिले. मी रंगवायचे, ती बेतायची. कागदाचे साचे तिच्याकडे नव्हतेच. समोरचा माणूस उभा कसा राहतो, कुठल्या खांद्यानं झुकतो, हे बघायची आणि खडू चालवायची. आमचे कपडे महाग होते, पुण्या-मुंबईची बडी माणसं ते घ्यायची. यंदा काय चालतंय, असं कुणी विचारलं की विमल सरळ उठून आत जायची. प्रत्येक शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडायची, म्हणजे अंग सुटलं तर उसवून वाढवता येईल. "एवढं महाग घेताय ना? मग लेकीनं बी घातलं पाहिजे," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची.

मग एक दिवस तिच्या हातातून कात्री पडली. आम्ही हसलो. तिसऱ्यांदा पडली तेव्हा ती हसली नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला... आधी हात जातील, मग जीभ, मग श्वास. औषध नाही. परतल्यावर घराशी उतरताना ती म्हणाली, "माझ्या हातातलं तुला देऊन टाकते. येळ हाय तवर."

वर्षभर ती खुर्चीत आणि कात्री माझ्या हातात. "काखंत मुंढा एवढा खोल नगं. कापडाकडं काय बघती, माणसाकडं बघ." मी चुकतच राहिले. तिचे शब्द जड होत गेले, एकेक वाक्य मी तीनतीनदा विचारायचे. एका दुपारी माझा तोल सुटला. "विमल, नीट बोल ना गं!" मी ओरडले. नीट बोल... कुणाला म्हणाले मी हे! तिनं तोंड मिटून घेतलं. त्यानंतर माझ्यासमोर ती फारशी बोलली नाही, आणि पुढे तर बोलणंच गेलं.

अशात पुण्यातल्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक बाईंनी मुलीच्या लग्नासाठी लोकरीचा लांब कोट सांगितला. लग्न जवळ आलं होतं. मी विमलला न सांगता पुण्याच्या एका शिंपी मास्तराकडून तो बेतून आणला आणि शिवला. सुरेशनं तिला उचलून दुकानात आणून बसवलं. कोट समोर टांगलेला. ती बराच वेळ बघत राहिली, मग डोळ्यांनीच सुरेशला खूण केली. त्यानं शिवण उलटून दाखवली. आत जास्तीचं कापड नव्हतंच. तिनं माझ्याकडे पाहिलं. "वेळ नव्हता गं," मी म्हणाले. तिनं नजर भिंतीकडे वळवली. आणि मला राग आला... हो, रागच आला. मी निघून गेले. नऊ दिवस तिच्याकडे फिरकले नाही. आधी कोट पोचवू, मग निवांत तिच्यापाशी बसू, चुकले म्हणू, असं ठरवत राहिले. दहाव्या दिवशी पुण्याच्या बाईंनी लेकीच्या अंगावर कोट चढवला. "अगदी तुमच्या विमलताईंचा हात!" त्या म्हणाल्या. मी हो म्हणाले. दोन तासांनी सुप्यापाशी फोन वाजला.

मी पोचले तेव्हा तिचे हात कुणीतरी छातीवर जुळवून ठेवले होते. सुरेश म्हणाला, "शेवटचे दोन दिवस दाराकडंच बघत हुती. कुनी यायचंय का इचारलं, तर डोळे मिटायची." मला दुखवावं असं त्याच्या मनातही नव्हतं. ती सुटली, असं लोक म्हणतात. सुटली असेल. मला मात्र ते दार सकाळी उठल्यापासून दिसतं, आणि त्यातून मी आत येत नाही.

गेल्या आठवड्यात दुकान उघडलं. बेतायचं टेबल विमलनं स्वतःच्या उंचीप्रमाणे करून घेतलं होतं, ती चांगली उंच होती. मला ते पार बरगड्यांशी येतं. त्याच्यावर कापड पसरून मी एक बाही कापली. माझे खांदे वर ओढले गेले, दहा मिनिटांत भरून आले. बाही काखेत ओढणार, हे मलाही कळलं. कात्रीचा आवाज ऐकून शेजारचा सुतार आत डोकावला. "टेबलाचे पाय चार इंच कापून देतो, ताई. तुम्हाला बरं पडंल." त्याला मी चहा पाजला आणि टेबलाला हात न लावू देता परत पाठवलं.