सरोजाक्कांचे दर्यावर्दी

सरोजाक्का कॉम्प्युटरवरच्या माणसांना आधी पोटभर जेवायला घालायच्या आणि मग लढाईला पाठवायच्या. बहुतेक वेळा पाठवायच्याच नाहीत. कोठार भरलेलं, किनाऱ्यावर मासळी वाळत घातलेली, शिपाई हात बांधून उभे, आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा घेतलेल्या सत्तरीच्या अक्का त्यांना सांगायच्या, "स्वल्प बसा रे. उन्हात कुठं निघालात?" तो खेळ बनवणाऱ्यांपैकी मी एक. असंही कुणी खेळेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मी मूळची साताऱ्याची. नोकरीसाठी बंगळूरला आले तेव्हा चामराजपेटेत अक्कांच्या घरावरची खोली भाड्याने घेतली. ऑफिस के. आर. पुरमच्याही पलीकडे, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. पण खोली बघायला गेले तेव्हा अक्कांनी माझं नाव, गाव, पगार यातलं काहीच विचारलं नाही. मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "चौतीस. पण डावा खांदा उतरलाय गे तुझा. पिशवी त्याच खांद्याला लावतीस न्हवं?" लावत होते. खोली तिथेच पक्की झाली.

अक्का ब्लाऊज शिवायच्या. सासरची मंडळी चार पिढ्यांपासून याच पेटेत शिवणकाम करत आलेली, आणि अक्कांचं माहेर निपाणीकडचं. त्यामुळे त्यांच्या मराठीत दोन्हीकडचं सामान होतं. "सरी" म्हणजे बरं, "अय्यो" म्हणजे काहीही, आणि "काय करालीस?" हा प्रश्न दिवसातून वीस वेळा. कापड हातात घेतलं की ते रडतंय की हसतंय हे त्या सांगायच्या. रडणारं कापड घेऊन आलेल्या बाईला तोंडावर परत पाठवायच्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण म्हणून मी इथे रडकं काही लिहिणार नाही. त्यांनी तेही परत पाठवलं असतं.

आता खेळाबद्दल थोडं सांगायला हवं. पाच जमातींचं जग. डोंगरी, घोडेस्वार, नांगरी, वाळवंटी आणि दर्यावर्दी. प्रत्येकाने आपलं राज्य वाढवायचं आणि शंभर फेऱ्यांनंतर कोण टिकलं ते बघायचं. यातले दर्यावर्दी माझे. म्हणजे त्यांची जहाजं किती लाकडात व्हावीत, बंदरं किती माल देतील, हे तीन वर्षं मी ठरवत होते. पाण्यावर त्यांना तोड नव्हती. निम्म्या लाकडात जहाज, कधी न संपणारी मासळी, दोन बंदरं जोडली की दुप्पट व्यापार. पण जमिनीवर आले की संपलं. घोडा नाही, तट मातीचा, शिपाई असे की हत्ती दिसला की बसलेच खाली. कुणीही हुशार खेळाडू समुद्राच्या वाटेला जायचाच नाही, मागच्या डोंगरातून उतरायचा आणि सत्तराव्या फेरीच्या आत माझं बंदर घेऊन टाकायचा.

अक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दोन महिने पायमशीन बंद केलं. तिसऱ्या दिवशी अक्का इतक्या वैतागल्या की त्यांचे यजमान पेपर घेऊन पाठीमागच्या पायरीवर राहायला गेले म्हणायला हरकत नाही. मी गंमत म्हणून माझा लॅपटॉप खाली नेला आणि दर्यावर्दी दाखवले. आठवड्याभरात माझाच लॅपटॉप मला मागून घ्यावा लागला.

त्यांचं खेळणं पहिल्यापासून वेगळं. आमच्या खेळात शेजारच्या राज्याला नगारा वाजवत भेट पाठवायचं एक बटण होतं. ते कुणी वापरायचं नाही. आपला माल देऊन बदल्यात काय, तर शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर जरा हसू. अक्कांनी ते बटण पहिल्याच दिवशी शोधलं आणि सोडलं नाही. गौरीच्या सणाला त्या पेटेतल्या बायकांना बागिना द्यायच्या. सुपात बांगड्या, हळदकुंकू, डाळ-तांदूळ, ब्लाऊजपीस, आणि वर दुसरं सूप झाकण म्हणून. ज्यांच्याशी भांडण त्यांनाही. "भांडण माझं तिच्याशी आहे," त्या म्हणायच्या, "गौरीचं न्हाई." तोच हिशेब इथे. दर फेरीला चारही शेजाऱ्यांना मासळी, मीठ आणि कापड. कॉम्प्युटर चालवत असलेली राज्यं तर विरघळलीच. अक्कांच्या मागे डोंगर होता तसाच राहिला, पण त्यातून कुणी उतरेना.

मी म्हटलं, "अक्का, अहो हा लढाईचा खेळ आहे."

"मग लढणारे लढतील की," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनीच कशाला लढायचं?"

अशात ऑफिसात बॉम्ब पडला. आमच्या प्रमुखाचं नाव नवीन, माणूस सज्जन, पण आकड्यांपुढे कुणाचं ऐकायचा नाही. त्याने सांगितलं, दर्यावर्दी काढून टाकायचे. ते दहातल्या नऊ वेळा हरतात, चाचणीला खेळणारे त्यांना निवडत नाहीत, त्यापेक्षा चारच जमाती ठेवू. माझी तीन वर्षं एका वाक्यात पुसली गेली. मी खूप गयावया केल्यावर तो एवढं कबूल झाला की शनिवारी ऑफिसातल्या चौघांविरुद्ध दर्यावर्दी एकदा खेळवू. शंभर फेऱ्या टिकले तर राहतील. नाहीतर सोमवारी काढणार. कोण खेळणार ते तू ठरव.

घरी येऊन मी जिन्यातच बसले. अक्का कुबडी टेकत आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "नांदत्या लोकांना घालवणार म्हणतात काय? शनिवारी मी येते."

शनिवारी सकाळी आम्ही रिक्षाने निघालो. अक्कांनी मोरपंखी रेशमी साडी नेसली होती आणि मांडीवर कोडबळ्यांचा, म्हणजे तिकडच्या कडबोळ्यांचा, डबा. ऑफिसात शिरल्याबरोबर त्यांनी डबा फिरवला. मग नवीनला कन्नडमध्ये सांगितलं की त्याचा शर्ट काखेत दाटतोय. दाटत होता. माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. समोर चौघे सराईत खेळाडू, आणि डोंगरी लोक होते जोसेफकडे. जोसेफ दयामाया नसलेला. त्याने आजवर माझं बंदर किती वेळा घेतलं असेल, मोजणं मी सोडून दिलं होतं.

खेळ सुरू झाला आणि अक्कांच्या भेटी निघाल्या. पहिल्या दहा फेऱ्या चौघे हसले. विसाव्या फेरीला कुणी हसेना, कारण त्यांची कोठारं फुकटच्या मासळीवर भरत होती. चाळिसाव्या फेरीपर्यंत त्यांनी आपापली शेती कमी करून शिपाई वाढवले होते. ते शिपाई एकमेकांवर जात होते. अक्कांवर नाही, कारण अक्कांवर जायचं म्हणजे आपलंच ताट लाथाडायचं. साठ झाल्या. सत्तर झाल्या. माझे दर्यावर्दी सत्तरी ओलांडून उभे होते आणि मी खुर्चीची कड घट्ट धरून बसले होते.

एक्क्याऐंशीव्या फेरीला घोडेस्वारांशी लढताना जोसेफचा राजा पडला. खेळात ही मोठी गोष्ट नाही, पुढच्या फेरीला नवा राजा येतो. पण अक्कांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि त्या फेरीला जोसेफला भेट पाठवली नाही. मला वाटलं विसरल्या. पुढच्या फेरीलाही नाही. मला बोलायची परवानगी नव्हती. मी खोकले, खुर्ची सरकवली, पाणी सांडलं. अक्का मांडीवर हात ठेवून बोटं मोजत बसल्या होत्या.

पंच्याऐंशीला जोसेफचं कोठार रिकामं झालं. शेती तर त्याने कधीच मोडली होती. शहाऐंशीला त्याचे हत्ती डोंगरातून खाली उतरले आणि एकोणनव्वदला बंदर पडलं. झालं. अकरा फेऱ्या राहिल्या होत्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

मग जोसेफनेच विचारलं, "अक्का, मला एकट्याला भेट का बंद केलीत?"

अक्कांनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्यानेच वेड्यासारखं काही केलंय. "तुझ्या घरात सुतक होतं ना? राजा गेला तुझा. आणि हिच्या खेळातली ती भेट जाते नगारा वाजवत. मेलेल्याच्या दारात नगारा घेऊन येऊ? दहा फेऱ्या झाल्या की परत धाडणार होते. मोजतच होते." मग माझ्याकडे वळल्या. "नुसता भात धाडायचं बटण शोधलं मी. तुझ्या खेळात न्हाईच. चूल बंद असलेल्या घरी शेजारी भात धाडतात, एवढंसुद्धा घातलं न्हाईस गे."

जोसेफ खाली बघत राहिला. मग त्याने कोडबळ्यांचा डबा पुढे ओढला, एक उचललं आणि म्हणाला, "पुन्हा खेळू. आत्ता." बाकीचे तिघेही खुर्च्या पुढे घेऊन बसले. नवीनने घड्याळ बघितलं, मला बघितलं, अक्कांना बघितलं. म्हणाला, तीन वर्षांत हा खेळ हरल्यावर कुणी असं भांडलेलं नाही आणि जिंकल्यावर कुणाला अशी लाज वाटलेली नाही. दर्यावर्दी राहतील. पण अक्का काही प्रत्येकाच्या घरी जाऊन खेळणार नाहीत, तेव्हा त्या जे करतात ते दर्यावर्द्यांच्या नियमांत आलं पाहिजे. मी होय म्हटलं. किती वेळा म्हटलं ते आठवत नाही.

अक्कांना हे सगळं ठीक वाटलं, पण आपण हरलो हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. परतताना पूर्ण रस्ताभर त्या जोसेफच्या हत्तींना नावं ठेवत होत्या.

पुढचे दोन आठवडे मी नियम लिहिले. प्रत्येक जमातीचं एक पान असतं खेळात, वर बळ आणि खाली उणिवा. पान तयार झाल्यावर मी अक्कांना वाचून दाखवायला खाली गेले. पाय बरा झाला होता, त्या मशीनवर बसून बाही जोडत होत्या. मी बळ वाचलं: निम्म्या लाकडात जहाज. न संपणारी मासळी. सलग दहा फेऱ्या भेट मिळालेला शेजारी शस्त्र उचलत नाही. अक्का मान हलवत होत्या. मग उणिवा वाचल्या: घोडा नाही. तट मातीचा. एकदा भेट सुरू केली की थांबवता येत नाही, थांबली की शेजारी उलटतो.

"खरं आहे," अक्का म्हणाल्या. "एकदा दिलं की दरवर्षी द्यावं लागतं. पुढं?"

"शेजाऱ्याचा राजा वारला तर दहा फेऱ्या भेट पाठवता येत नाही. फक्त भात जातो. त्याचे गुण मिळत नाहीत."

मशीन थांबलं. "परत वाच."

मी परत वाचलं.

"हे खाली कशाला लिहिलंस?" त्यांनी विचारलं. "ही उणीव कुठली?"

मी समजावायला गेले. अक्का, दहा फेऱ्या धान्य जातं, बदल्यात काहीच येत नाही, तेवढ्यात शत्रू हल्ला करू शकतो, खेळाच्या भाषेत याला उणीवच म्हणतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग दातांनी दोरा तोडला, बाही उलटी करून शिवण बघितली आणि म्हणाल्या, "सरी. ते वर घाल."

मी ते वर घातलं. खेळ बाजारात येऊन आता बरीच वर्षं झाली. आजही महिन्याला एखादं तरी पत्र येतं, की दर्यावर्द्यांच्या पानावर उणिवांतली एक ओळ चुकून बळात छापली गेली आहे, कृपया दुरुस्त करावी. नवीन ती पत्रं माझ्याकडे पाठवतो. चूक नाही म्हणून मी कळवते, आणि ओळ तिथेच राहते.