बाईसाहेबांच्या आपा

"बाईसाहेबांनी सांगितलंय." एवढं म्हणून आपा डोक्यावरचा पदर घट्ट करायच्या आणि समोरच्याचं बोलणं तिथंच संपायचं.

परंड्याच्या बसस्टँडसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान. वरच्या माडीवर पक्षाचं तालुका कार्यालय. त्यामुळं आपांना मी वीसएक वर्षं पाहिलं, तेही बहुतेक उभ्यानंच. "बसा आपा" म्हटलं की म्हणायच्या, "बसायला वेळ कुठं हाय भाऊ? जल्दी करा."

सुरुवातीला त्या कार्यालयाच्या जिन्याशी लोकांचे अर्ज लिहून द्यायच्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, अक्षर सुबक. आमच्या आमदार बाईसाहेबांनी एकदा त्यांतला एक अर्ज वाचला आणि विचारलं, "हे कुणी लिहिलंय?" त्या दिवसापासून आपा त्यांच्या गाडीत दिसू लागल्या. हळूहळू बाईसाहेबांच्या गोळ्या, फोन, भाषणाचे कागद सगळं आपांकडं आलं. मग माणसंही आली. बाईसाहेबांना भेटायचं तर आधी आपांना भेटायचं, हे तालुक्याला कुणी न सांगता कळलं. पद मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. पुढाऱ्याच्या फोटोत कडेला अर्धं येणारं असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. आमच्याकडं ते आपा होत्या.

एकदा पंचायत समितीच्या उमेदवारांची यादी टाईप करताना त्यांनी मला एक नाव काढायला लावलं. जवळच्या खेड्यातली एक तरुण कार्यकर्ती होती, बाईसाहेबांच्या विश्वासातली. मी थबकलो.

"आपा, हिचं कसं काय?"

"बाईसाहेबांनी सांगितलंय."

बाईसाहेब तेव्हा पुण्याला दवाखान्यात होत्या. त्या दिवसांत त्यांना बोलताही येत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

त्याच आजारात बाईसाहेब गेल्या. अंत्यविधीला त्यांच्या पुतण्यानं "घरच्यांनी पुढं या" म्हटलं आणि आपा गर्दीत मागं राहिल्या. तेरावा उरकायच्या आत पुतण्या वर कार्यालयात बाईसाहेबांच्या तालुकाध्यक्षाच्या खुर्चीत बसला होता.

आपा माझ्या दुकानात आल्या त्या संतापूनच. "पक्ष काय शेत हाय का, वाटणीत मिळायला? भाऊ, अर्ज टाईप करा. मी उभी राहणार." तालुकाध्यक्षपदाच्या त्या अर्जावर मी त्यांचं पूर्ण नाव पहिल्यांदा टाईप केलं. मग महिनाभर त्या एसटीनं गावोगाव हिंडल्या. बहुतेक गावांच्या प्रमुखांनी पाठिंब्याच्या सह्या दिल्या. प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढताना त्या मशिनीवर बोटं वाजवत राहायच्या.

बैठक मंगल कार्यालयात झाली. अध्यक्ष निवडायला मुंबईहून पक्षाचे निरीक्षक आले होते. मी कागदांचे गठ्ठे पोचवायला गेलो आणि दारातच उभा राहिलो.

पुतण्या उठून बोलू लागला, तोच पुढच्या रांगेतून यादीतून नाव गेलेली ती तरुण कार्यकर्ती उभी राहिली. आवाज चढवला नाही तिनं. "आपा, माझं नाव कुणी काढलं होतं?"

मला वाटलं, आता ते ठरलेलं वाक्य येणार. आपांचा हात पदराकडं गेला, आणि तसाच राहिला.

"मी काढलं."

"का?"

"तू माझ्या जागी येशील, असं वाटलं. भ्याले मी."

कार्यालयात एकदम गलका झाला. निरीक्षकांनी आपांच्या बाजूच्यांना हात वर करायला सांगितलं. ज्यांच्या सह्यांचे कागद माझ्या काखेत होते, ती माणसं चपलांकडं बघत बसली. मागून एकच हात वर आला, एका म्हाताऱ्याचा. त्याच्या निराधार पगाराचा अर्ज आपांनीच कधीतरी लिहिला होता.

आपा त्याच्यापाशी गेल्या. "काका, हात खाली घ्या. तुम्हाला गावात राहायचंय."

दुपारी त्या माझ्या दुकानावरच्या पक्षाच्या कार्यालयात गेल्या आणि कापडी पिशवीत सदस्यांचं रजिस्टर घालून खाली आल्या. वीस वर्षं ते त्यांनीच लिहिलं होतं.

"आपा, राजीनाम्याचं पत्र टाईप करू का?"

"मी कशाला देऊ राजीनामा? काढू दे त्यांना." कुर्डुवाडीची गाडी लागली होती. तिथं त्यांची बहीण राहते. मी चहा सांगेपर्यंत त्या गाडीत चढल्यासुद्धा.

आठवड्यानं पुतण्याचा माणूस हकालपट्टीचं पत्र टाईप करायला आला. मजकूर सांगता सांगता अडला. "आपाचं पूर्ण नाव काय हो? रजिस्टर तर तीच घेऊन गेली, अन् अर्ज निरीक्षकांनी मुंबईला नेला."

त्यांचा अर्ज माझ्या कॉम्प्युटरमध्ये तसाच होता.

"मला न्हाय माहीत," मी म्हणालो.

"मग जागा मोकळी सोडा."

मी 'श्रीमती' लिहून पुढं टिंबांची लांब ओळ दिली. तो कागद घेऊन जिना चढून गेला. वर खुर्च्या सरकल्या, आणि मग बराच वेळ सगळे एकमेकांना आपांचं नाव विचारत राहिले.