पंधरावी रांग

जगातली कोणतीही गोष्ट जवळून पाहण्याच्या योग्यतेची नसते, या एका सिद्धान्तावर अख्खे आयुष्य काढलेली एकच व्यक्ती मला ठाऊक आहे, आणि ती म्हणजे माझ्या भिंतीपलीकडच्या बाई. चाळीस वर्षे त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले. पडदा पंधराव्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी असतो, असे त्यांच्या गुरूंनी त्यांना सांगितले होते. बाईंनी ते पडद्यापुरते न ठेवता भाजी, साड्या, स्वयंपाक आणि नातेवाईक यांनाही लागू केले. भाजीच्या हातगाडीपासून वीस पावले दूर उभ्या राहून त्या मेथी पसंत करत. घरी आल्यावर निम्मी पिवळी निघाली, तर दोष मेथीचा नसून ती डोळ्यांजवळ धरणाऱ्याचा असे. त्यांच्या पोह्यांत हळद इतकी, की ताटली व्हरांड्याच्या टोकावरून ओळखू यावी. दूधवाल्यासाठी दारावर लावलेल्या कागदात 'अर्धा' एवढा एकच शब्द मावे. रंगांना त्यांच्याकडे नावे नव्हती, प्रसंग होते: 'दुसऱ्या अंकातली संध्याकाळ', 'सासऱ्याचं घर', 'पत्र येण्याआधीचा उजेड'. माणसांविषयी विचारले तर म्हणत, "पंधराव्या रांगेतून बरा दिसला की पुरे. जवळून कोण बरं दिसतं? तू दिसतेस?"

आमची गाठ हडपसरला पडली. एका संस्थेने जुन्या वसतिगृहातल्या सात खोल्या कलाकारांना राहून काम करण्यासाठी दिल्या होत्या. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर; सूक्ष्मदर्शकाखाली परागकण पाहून त्यांची चित्रे काढते. एका चित्रात काही हजार ठिपके, आणि प्रत्येक ठिपका आपल्या जागी. ही चित्रे परदेशातल्या एका शिष्यवृत्तीसाठी पाठवायची, असे माझे वेळापत्रक भिंतीवर लावलेले होते. मग टाळेबंदी आली. पाच जण मिळेल त्या वाहनाने आपापल्या घरी गेले. माझी बार्शीची एसटी बंद झाली आणि मी अडकले. बाईंना मात्र त्यांचा भाचा पोलिसांचा पास काढून विश्रांतवाडीला न्यायला तयार होता. त्याला त्या फोनवर म्हणाल्या, "तुझ्या घरात माझा पडदा उलगडला तर तुम्हाला जिन्यात झोपावं लागेल. मी इथेच बरी." तो पडदा एका नव्या नाटकाचा होता: खेड्यातले एसटी स्टँड, कडुनिंब, वेळापत्रकाचा फलक आणि एक बाक. नाटक कधी होणार, होणार की नाही, हे सांगू शकेल असा माणूस तेव्हा कुठेच नव्हता. खोली लहान, म्हणून बाई पडदा पट्ट्यापट्ट्यांनी रंगवत. एक पट्टी वाळली की गुंडाळायची आणि दुसरी उलगडायची. साऱ्या पट्ट्या शेवटी शिवून एक व्हायच्या होत्या.

त्या दिवसांत सगळ्या शहराला अंतर राखायला शिकवावे लागत होते. बाईंना ते उपजत येत होते. संध्याकाळी मी दिवसभराचे काम माझ्या दारात स्टुलावर उभे करी, आणि बाई व्हरांड्याच्या पार टोकाला, पाण्याच्या पिंपाशेजारी, खुर्ची टाकून बसत. मधल्या फरश्या मी मोजल्या होत्या: चौतीस. मोजणे हा माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही.

"काय दिसतंय, बाई?"

"नाचणीचा लाडू."

"जास्वंदीचा परागकण आहे तो. त्याच्यावर काटे आहेत."

"असतील. प्रेक्षकानं काय भिंग घेऊन यायचं का?"

मग मी त्यांना पट्टीवरचा एखादा दगड चौरस आहे की गोल, हे कळत नसल्याचे सुनावी. त्या म्हणत, "दगडालाही कळत नाही. त्याचं काही अडलंय का?" असे आमचे कलाविषयक संभाषण रोज तासभर चाले. त्यात घरच्या बातम्या, रुग्णवाहिकांचे आवाज आणि उद्याची भाजी हे सगळे एकमेकांच्या चित्रांना नावे ठेवता ठेवता बोलून होई.

मे महिन्यात माझ्या लक्षात आले, की खुर्ची पुढे सरकते आहे. चौतीस, मग सत्तावीस, मग एकोणीस. वहीत मी नोंदी ठेवल्या आणि निष्कर्षही काढला: माझी चित्रे सुधारत आहेत, इतकी, की पंधराव्या रांगेचे व्रत घेतलेल्या बाईंनाही जवळ यावेसे वाटते. शिष्यवृत्तीच्या अर्जात ही बाब सभ्य शब्दांत कशी घालावी, याचा मसुदाही मी केला.

खुर्ची नवव्या फरशीवर आली त्या संध्याकाळी बाई बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आज लाडू छान वळलाय."

स्टुलावर त्या दिवशी परागकण नव्हता. हातभर लांबीचा, काठीसारखा सरळ पुंकेसर होता.

मी उठून त्यांच्या खोलीत गेले आणि पट्ट्या ओळीने उलगडल्या. पहिल्या पट्टीतले आकाश फिके होते, दुसरीतले निळे, तिसरीतले तर शाईसारखे. मोतीबिंदूने डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते आणि निळा रंग नीट पोचत नाही. रंगवणारा नकळत तो वाढवत राहतो. हे मला ठाऊक होते. महिनाभर माझ्या वहीत ते उत्तर होते, आणि मी त्याला माझी स्तुती समजत होते.

"कधीपासून, बाई?"

"डोळे? जन्मापासून आहेत." मग म्हणाल्या, "ऑपरेशनची तारीख लागली होती. तातडीचं नाही म्हणाले, पुढे ढकललं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू तक्ता केला असतास."

मी वही पाठीमागे धरली.

"हा शेवटचा असेल तर असू दे," त्या पट्टीवरून हात फिरवत म्हणाल्या. "पण चुकलेला जायला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीदाराच्या मदतीने आम्ही पट्ट्या गच्चीच्या कठड्यावरून खाली सोडल्या. मी फाटकाजवळ, मोजून पंधराव्या रांगेइतक्या अंतरावर, फोन कानाला लावून उभी राहिले. बाई गच्चीवर होत्या. मी अहवाल द्यायला सुरुवात केली: तिसरे आकाश पहिल्यापेक्षा दोन छटांनी गडद, फलकाची कड डावीकडे झुकलेली, बाकाचा मागचा पाय...

"अगं, पंचनामा नको. त्या बाकावर बसावंसं वाटतंय का, तेवढं सांग."

मी पाहिले. घर सोडून मला चार महिने झाले होते. बार्शीच्या स्टँडवर वडील नेहमी वेळेआधी तासभर येऊन बसत आणि आत्ताच आलो म्हणत. तसाच बाक होता.

"वाटतंय. पण त्या आकाशाखाली गाडी येईल असं वाटत नाही."

"मग आकाश बदलू. रंग तू कालव. हात माझा."

"कुठला निळा, बाई?"

"गाडी यायच्या आधीचा."

हा रंग कोणत्याही तक्त्यात नाही. मी तो अकरा वेळा कालवला. बाराव्या खेपेला, सगळे मोजणे सोडून, वडिलांच्या डोक्यावरचे दुपारी चार वाजताचे आभाळ आठवले आणि त्याबरहुकूम कालवला. बाईंनी तिन्ही पट्ट्यांवर तो एकसारखा ओढला. त्यांच्या हाताला डोळ्यांची फारशी गरज नव्हती.

दवाखाने पूर्ववत झाल्यावर बाईंचे एका डोळ्याचे ऑपरेशन झाले. हिरवी पट्टी निघाल्यावर त्या आधी माझ्या खोलीत आल्या आणि जास्वंदीच्या परागकणाला नाक टेकेल इतक्या जवळ वाकल्या. बराच वेळ तशाच होत्या. "काटे आहेत खरे," एवढेच म्हणाल्या, आणि खुर्ची उचलून व्हरांड्यातून चालू लागल्या. नऊ फरश्या गेल्या, एकोणीस गेल्या, सत्तावीस गेल्या. पाण्याच्या पिंपाशेजारी खुर्ची टेकवून बसल्या आणि तिथून म्हणाल्या, "लाडू."

शिष्यवृत्तीचे पत्र आले, तेव्हाही मला इतके बरे वाटले नव्हते.

नाटकाचे मोजकेच प्रयोग झाले, एकाआड एक खुर्ची रिकामी ठेवून. आम्ही पंधराव्या रांगेत बसलो, मध्ये नियमाची एक खुर्ची सोडून. दर्शनी पडदा उघडला तेव्हा बाई तोंडावरच्या रुमालातून म्हणाल्या, "आभाळ जरा जास्तच खरं झालंय. पुढच्या वेळी बघू." आमचा तो स्टँडचा पडदा आता कुठल्याशा गोदामात घडी होऊन पडला आहे. बाई विश्रांतवाडीला भाच्याकडे असतात, आणि परदेशातून परतल्यापासून मी कोथरूडला राहते. एखादे चित्र पुरे झाले की दारात स्टुलावर ठेवते आणि खुर्ची घेऊन बाहेर जाते. आमच्या सोसायटीचा पॅसेज अकरा फरश्यांचा आहे. इतक्या जवळून काही नीट दिसत नाही.